पाव इंच माया

(बोरीवलीतल्या एका हॉस्पिटलात डॉक्टरांच्या खोलीबाहेरचा बाक. जानेवारीअखेरची सकाळ.)

विमला : नाही म्हणजे नाही. तुम्ही तपासून घ्या, मग बाहेर येऊन बसा. नंतर पाच मिनिटं मी एकटी आत जाणार.

जयवंत : वा गो वा! पेशंट मी आणि डॉक्टरकडे तू जातंस? मग माझी गोळीपण तूच खा.

विमला : मला एक विचारायचंय त्यांना.

जयवंत : काय ता?

विमला : बायकांचं आहे.

जयवंत : बायकांचा? फुप्फुसाच्या डॉक्टराक?

विमला : हळू बोला हो. ती समोरची बाई बघतेय.

जयवंत : बघूदे. लग्नाला तीस वर्षं झाली, अजून तुला धड खोटा बोलता येत नाय. खोटा बोललंस की पर्सची चेन उघडतंस नि लावतंस. आता पाच वेळा झाला.

विमला : टेप आणलाय का बघत होते. इथून सोनूबाईंकडे जायचंय. त्यांच्या लेकाच्या लग्नातलं ब्लाउज दंडात घट्ट होतंय म्हणाल्या. नशीब, मी शिवतानाच आत दोन्ही बाजूंना बोटभर जास्तीच्या कापडाची माया ठेवली होती. उसवून सोडलं की झालं.

जयवंत : तुझी सगळी माया लोकांच्या ब्लाउजात. माझ्या वाटणीक तीन महिने काय नाय.

विमला : काय नाही? वेळेवर जेवायला मिळत नाही का गोळी मिळत नाही?

जयवंत : ता सगळा मिळता. पाण्याच्या बाटल्या मोजून पाजतंस, गोळीची वेळ झाली की मोबाइल कोकलता. पण तू माका हात लावत नाय. पाय मोजायचो असलो की टेप अंगावर फेकतंस नि म्हणतंस, तुम्हीच मोजा. ताप बघायचो तर थर्मामीटर. आधी कपाळाक हात लावून सांगायचंस.

विमला : तुम्ही मोजता तरी धड? परवा उजवी पोटरी चौदा आणि डावी छत्तीस सांगितलीत! माझ्या हातातली कात्री पडली.

जयवंत : तुझ्या टेपाक एका अंगाक इंच नि दुसऱ्या अंगाक सेंटिमीटर. पलटलो असतलो.

विमला : आणि म्हणे पंचवीस वर्षं फिल्मसिटीत सेट बांधतो. राजवाडे उभे करतो म्हणे!

जयवंत : राजवाडो हलत नाय गो, पोटरी हलता. विषय बदलू नको. काय विचारणार आहेस डॉक्टरला?

विमला : काही नाही.

जयवंत : सहावी वेळ. सोड ती चेन.

विमला : तुम्ही ना, त्या माटवीपासून माझ्या डोक्याला ताप आहात. चाळीस फुटांच्या परांचीवर चढणारा माणूस, आणि गणपतीच्या डोक्यावर फळं टांगायची माटवी बांधताना दोन फुटी स्टुलावरून पडतो.

जयवंत : स्टुलाचो पाय डुगडुगत होतो.

विमला : सुताराच्या घरचं स्टूल डुगडुगतं, ते कोणाचं पाप?

जयवंत : माझा. मान्य. डावो घोटो मोडलो, सहा आठवडे प्लास्टर. पण खरा सांगू, ते सहा आठवडे मी राजा होतंय. जागेवर चाय, जागेवर जेवण. प्रीतमपण ऑफिसातून येऊन विचारायचा, बाबा, काही हवंय का.

विमला : तेच तर. मीच तुम्हाला उठू दिलं नाही. त्या हाडाच्या डॉक्टरांनी पायाची बोटं हलवत राहा म्हणून सांगितलं होतं, तर मी ओरडायचे, हलवू नका, हाड सरकेल. पाणी कमी प्या, सारखं उठावं लागेल. सगळं मीच केलं.

जयवंत : सगळा म्हणजे?

विमला : म्हणजे... हे बघा, विचारणार आहे मी त्यांना. दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला मी तुमची पोटरी चोळली, त्यानेच ती गुठळी सुटली का. तीच वर फुप्फुसात गेली का. बास. आता मिळालं समाधान?

जयवंत : म्हणून एकटी आत जाणार होतंस?

विमला : हो. तुमच्यासमोर कसं विचारणार?

जयवंत : ह्या घेऊन फिरतंस तीन महिने?

विमला : मग काय करू? तुम्ही आयसीयूत होता. बाहेर एक नर्स दुसऱ्याच पेशंटच्या बायकोला समजावत होती, पाय चोळू नका हं, पायातली गुठळी सुटून फुप्फुसात जाते. तिला सांगत होती, पण ऐकलं मी. तीन दिवस आधी मी काय केलं होतं? तेल कोमट करून, पाटावर बसवून, अंगठ्याने दाबून दाबून...

जयवंत : मी म्हणत होतंय ना, अजून जोरात.

विमला : म्हणून मी पण जोर लावला. जाईल गोळा, जाईल, म्हणत होते. आणि तुळशीपुढे ते कडू कारीट पायाखाली फोडताना तुम्हाला डावी टाच टेकवेना, ते पाहिलं मी. पाहिलं आणि हसले. म्हटलं, नाटकं करतायत. अहो, मीच मारलं असतं तुम्हाला. स्वतःच्या हाताने.

जयवंत : विमल, गप. रडू नको. ती बाई आता खरंच बघतेय.

विमला : बघूदे.

जयवंत : ऐक. माझापण एक सांगूचा हा. रागवूचा नाय.

विमला : काय?

जयवंत : पोटरीत गोळा येतो, ह्या तुला कोणी सांगितला? मीच ना? गोळा येता नि जाता. पाय झाडला की सुटता. ता सुटत नव्हता. प्लास्टर काढल्यावर चार दिवसांनी सुरू झाला, ता दिवाळीपर्यंत. खोल आत, ठणकत. ह्यो गोळो नाय, माका कळत होता.

विमला : काय?

जयवंत : पण डॉक्टरकडे गेलो तर परत प्लास्टर घालतील असा वाटला. दिवाळीनंतर मोठा सेट लागणार होता, आख्खी गल्ली उभी करायची होती. काम हातचा गेला असता. गोळा म्हटला की तू केळा देतंस, तेल लावतंस, विषय संपलो. हाडाच्या डॉक्टरलापण फोनवर तसाच सांगितला. तो म्हणाला, केळी खा.

विमला : म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?

जयवंत : थोडा.

विमला : थोडा? अहो, वाट लागली असती ना! तीन महिने मी नळ सोडून न्हाणीघरात रडतेय, आणि हा माणूस म्हणतो थोडा! त्या माटवीसकट तुम्हालाच टांगायला हवं होतं.

जयवंत : टांग. पण डॉक्टरला विचारू नको.

विमला : का?

जयवंत : ती हो म्हणाली तर? मग तू जन्मभर माका हात लावणार नाय. माका त्या गुठळीचा भ्या नाय वाटला तेवढा ह्याचा वाटता.

विमला : आणि नाही विचारलं तरी लावणार नाहीये मी. हात पुढे केला की तेच आठवतं. अंधारात विहीर आहे म्हणून घाबरण्यापेक्षा किती खोल आहे ते एकदा कळू दे.

जयवंत : मग मी बाहेर बसूचा नाय. डॉक्टर जा काय सांगतली ता दोघांनी ऐकूया.

विमला : नाव पुकारलं बघा. उठा. हळू. धरा त्या कठड्याला.

जयवंत : तूच धर की.

विमला : कठडा धरा म्हटलं ना.

डॉ. जान्हवी : या काका, या काकू. काका, स्टुलावर नको, त्या खुर्चीत बसा. तुमची आणि स्टुलाची हिस्ट्री आहे.

जयवंत : बघा! बोरीवलीभर झाली ती गोष्ट.

डॉ. जान्हवी : लिफ्टने आलात का जिन्याने?

जयवंत : जिन्याने. दोन मजले. मध्ये थांबलो नाही. ही थांबली.

विमला : मी ह्यांच्याकडे बघायला थांबले.

डॉ. जान्हवी : बोट द्या. ऑक्सिजन अठ्ठ्याण्णव. झकास! आणि परवाची इको बघितली मी. हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण आला होता ना, तो पूर्ण गेलाय. काका, तुमची गुठळी विनाकारण झालेली नव्हती, प्लास्टरमुळे झाली. ते कारण आता संपलंय. तीन महिने झाले, गोळी आपण बंद करू.

जयवंत : बंद? अगदी बंद? ऐकलंस गो? मोबाइल कोकलायचो बंद!

विमला : डॉक्टर, मला एक विचारायचंय.

जयवंत : डॉक्टर, ती काय विचारते त्याला तुम्ही फार हे करू नका. कामावर कधी जाऊ ते सांगा.

विमला : तुम्ही गप बसा. डॉक्टर, दिवाळीत सोमवारी पहिली आंघोळ होती. मी ह्यांची पोटरी तेल लावून चोळली. जोर लावून चोळली, पाच-दहा मिनिटं. गुरुवारी भाऊबीजेला मुलुंडला माझ्या नणंदेकडे गेलो, जानकीताईंकडे. तीन जिने चढले आणि ह्यांचा श्वासच अडकला. तर ती गुठळी माझ्यामुळे वर गेली का?

डॉ. जान्हवी : काकू, बरं वाटेल असं सांगू की खरं सांगू?

विमला : खरं.

डॉ. जान्हवी : चोळायला नको होतं. पायात गुठळी असताना जोरात चोळलं तर ती सुटू शकते.

जयवंत : झाला.

डॉ. जान्हवी : थांबा, माझं संपलं नाही. सुटू शकते म्हणाले. चोळल्यानेच सुटली, असं मी म्हणू शकत नाही. कोणीच म्हणू शकत नाही. चालताना सुटते, जिना चढताना सुटते. नुसतं अंथरुणात पडलेल्या माणसाची पण सुटते. मधे तीन दिवस गेले होते. आणि तुम्हाला तिथे गुठळी आहे हे कुठे माहीत होतं?

विमला : पण ती झालीच कशी, तेच मला कळत नाही. पडले ते घोट्यावर आणि अडलं छातीत.

डॉ. जान्हवी : पायातलं रक्त वर चढतं ना, त्याला पोटरी ढकलते. आपण चाललो की पोटरी दाबली जाते आणि रक्त वर जातं. प्लास्टरमध्ये पोटरी सहा आठवडे गप बसली. रक्त साचलं, साचलं ते थिजलं, त्याची गुठळी झाली. मग तिचा तुकडा सुटला, शिरेतून हृदयात आला आणि हृदयाने तो ढकलला फुप्फुसात. तिथे रक्ताच्या नळ्या बारीक बारीक होत जातात. एका जागी तो अडकला. हवा आत येत होती, पण ती घ्यायला तिथे रक्तच पोचत नव्हतं. म्हणून काकांना दम लागला.

विमला : म्हणजे पिठल्यातल्या गुठळीसारखं? पण ती मी पळीने मोडते.

डॉ. जान्हवी : इथे पळी नाही घालता येत. गोळीने तिला वाढू दिलं नाही, आणि शरीराने हळूहळू विरघळवली.

जयवंत : माझ्या बायकोच्या पिठल्यात गुठळी होतच नाही डॉक्टर. ती माझ्यात झाली.

डॉ. जान्हवी : काकू, मुलुंडच्या हॉस्पिटलची ही फाइल. पहिलं पान वाचलंय का कधी?

विमला : इंग्रजी, त्यात डॉक्टरांचं अक्षर. फाइल नुसती सांभाळते मी.

डॉ. जान्हवी : मी मराठीत सांगते. पेशंटला अचानक दम, छातीत दुखतंय. ईसीजीत हार्ट अटॅक दिसत नाही. पेशंटच्या मते गॅस.

जयवंत : जानकीने चार करंज्या खायला घातल्या होत्या. मला वाटलं त्याच.

डॉ. जान्हवी : पुढे. पायाबद्दल विचारलं तर पेशंट म्हणतो, काही नाही, गोळा येतो.

विमला : तिथे पण? श्वास घेता येत नव्हता आणि तिथे पण गोळा?

जयवंत : तोंडात बसलेला शब्द गो.

डॉ. जान्हवी : आता ऐका. पत्नी सांगते की डावी पोटरी उजवीपेक्षा गरम आणि जाड आहे. पत्नीने स्वतःच्या टेपने मोजून दाखवली. डावी साडेपंधरा इंच, उजवी चौदा. छातीचा सीटी तातडीने. आणि सीटीत गुठळी सापडली. काकू, तुम्ही खरंच कॅज्युअल्टीत टेप काढलात?

विमला : जानकीताईंच्या ब्लाउजचं माप घ्यायचं होतं म्हणून पर्समध्ये होता. ते डॉक्टर म्हणत होते, अॅसिडिटीचं इंजेक्शन देऊ, तासभर बघू. मला राहवलं नाही. म्हटलं, डॉक्टर, ह्यांचे दोन पाय एका मापाचे नाहीत. ते म्हणाले, तुम्हाला कसं कळलं? म्हटलं, माझ्या हाताला कळलं. मग पँट वर केली आणि मोजूनच दाखवलं.

डॉ. जान्हवी : हाताला कधी कळलं?

विमला : सोमवारी. तेल लावताना. उजवीवर बोटं जिथे मिळत होती, तिथे डावीवर मिळत नव्हती. दंडाचं माप घेताना अर्धा इंच चुकला तरी मला टेप न लावता कळतो, इथे तर दीड होता. म्हटलं, सुजलंय, प्लास्टर होतं ना, उतरेल. सणाचा दिवस, फराळाचं व्हायचं होतं. विसरले. मुलुंडला ह्यांचे ओठ निळे दिसले तेव्हा आठवलं.

डॉ. जान्हवी : दोन पोटऱ्यांत तीन सेंटिमीटरहून जास्त फरक असला की आमचे कान टवकारतात. तुमचा दीड इंच म्हणजे जवळजवळ चार. तो आकडा मिळाला म्हणून सीटी त्याच वेळी झाला. तासभर वाट बघत बसले असते तर काय झालं असतं, ते मला बोलायचं पण नाही.

जयवंत : बोलू नका.

विमला : पण चोळलं ते चुकलंच ना?

डॉ. जान्हवी : चुकलं. आणि त्याच हाताने पकडलं. चुकलं तेवढंच धरून बसलात, म्हणून सांगितलं. काकू, हे घ्या, टिश्यू.

विमला : नको, पदर आहे. मी रडत नाहीये. मला बरं वाटतंय.

जयवंत : मग मलापण द्या तो एक टिश्यू.

डॉ. जान्हवी : घ्या, घ्या. आता नियम ऐका. रोज चालायचं. तासन्‌तास एका जागी बसायचं नाही. गावी जायचं असेल तर गाडी दर दोन तासांनी थांबवायची, उतरून फेऱ्या मारायच्या. पाणी प्यायचं. कामावर जा, पण हळूहळू. आणि काका, पुन्हा पाय दुखला, सुजला किंवा दम लागला तर त्याच मिनिटाला हॉस्पिटल. तेव्हा गोळा हा शब्द काढायचा नाही.

जयवंत : मग काय म्हणू?

डॉ. जान्हवी : दुखतंय म्हणा.

जयवंत : अवघड आहे. पण म्हणेन.

विमला : आणि तेल?

डॉ. जान्हवी : लावा की. आता हरकत नाही. फक्त रगडायचं नाही, हलक्या हाताने लावायचं. जाता जाता तेवढी पोटरी मोजून लिहिते. अरे, माझा टेप कुठे गेला? कोणी नेला की काय?

जयवंत : हिच्याकडे आहे. सकाळपासून सहा वेळा बघून ठेवलाय.

डॉ. जान्हवी : मग काकूच मोजतील. तुमच्या मापावर माझा विश्वास आहे.

विमला : मी? नको. तुम्ही मोजा ना. हा घ्या टेप.

जयवंत : विमल.

विमला : अहो, नको ना.

जयवंत : विमल, माझा दुखता.

विमला : काय? कुठे दुखतंय? पोटरी?

जयवंत : पोटरी नाय. तू टेप अंगावर फेकतंस ना, ता दुखता. बघ, डॉक्टरांनी सांगितल्यासारखा बोललो.

विमला : काय हो तुम्ही... बरं. करा पँट वर. दोन्ही. चप्पल काढा. सैल सोडा पाय, ताठ कशाला करताय?

जयवंत : सैलच हा. बापरे, हात केवढो थंड तुझो!

विमला : हलू नका. उजवी चौदा. आता डावी. गरम नाहीये. दोन्ही सारख्याच आहेत हाताला. डॉक्टर, गरम नाहीये हो!

डॉ. जान्हवी : आकडा सांगा, लिहिते.

विमला : चौदा आणि... थांबा, परत बघते. चौदा आणि पाव.

डॉ. जान्हवी : चालेल. एवढा फरक कधी कधी राहतो. काळजीचं काही नाही.

जयवंत : मोजून झाला ना? मग हात कित्याक अजून थय पोटरीवर? बाहेर लोक खोळंबलेत.

विमला : खोळंबू देत.

जयवंत : पण पाव इंच जास्त कसो? आम्ही सेटला पाव इंच सोडत नाय. तुझा माप चुकला.

विमला : चुकलं नाही काही. तेवढी माया ठेवायचीच असते.